चिंचेपासून सात पावलं

पालघर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी डहाणूत पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर होतो. शहराचं पाणी आपण चालवतो, अशी माझी समजूत होती. खरं तर ते आमचे व्हॉल्व्हमन काका चालवत. रस्त्याखालचे सगळे व्हॉल्व्ह त्यांना तोंडपाठ. नकाशावर एकही नव्हता. बाजाररस्त्याचा मोठा व्हॉल्व्ह कुठे? तर चिंचेच्या बुंध्यापासून समुद्राकडे सात पावलं.

तो रस्ता काँक्रीटचा करायचं ठरलं आणि चिंच आड आली. काकांच्या निवृत्तीला महिना उरला होता. ते म्हणाले, "साहेब, झाड जायच्या आधी येवढा व्हॉल लिवून घ्या." मी म्हटलं, "उद्या घेऊ." आमच्या ऑफिसातला उद्या तो, कसला उजाडतोय!

वर्षभराने तिथेच पाइप फुटला. पाणी बंद केल्याशिवाय दुरुस्ती होईना आणि व्हॉल्व्ह सापडेना. काकांना तलासरीजवळच्या पाड्यावरून बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. बराच वेळ इकडून तिकडे चालले. "झाडच नाय साहेब, कुठून मोजू?" शेवटी एका जागी टाच रोवून म्हणाले, "इथंच."

काँक्रीट फोडलं, खाली हातभर खणलं. नुसता मुरूम. बघ्यांत कोणीतरी हसलं. मी चारचौघांत चिडलो, "राहू द्या काका, तुम्ही घरी जा." ते एसटी स्टँडकडे गेले.

दोन दिवस आम्ही भलतीकडेच रस्ता फोडला. मग त्या रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका काढली. काँक्रीट टाकण्याआधी रस्ता भराव घालून उंच केला होता, खाली सही माझीच. काकांच्याच खड्ड्यात आणखी खाली गेलो. व्हॉल्व्ह तिथेच होता. मला माझीच शरम वाटली.

रविवारी पाड्यावर जाऊन मी सगळं सांगितलं, माफी मागितली. काका हसले. "तुमी मोठ्या मनाचे, साहेब. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगता." मी शपथ घेतली. तरी ते पुन्हा तसेच हसले.

पुढच्या वर्षी काका गेले. भेटायला गेलो तेव्हा काकींनी अंगणातलं आंब्याचं झाड दाखवलं. शेवटी शेवटी ते त्या झाडापासून सात पावलं टाकायचे, थांबायचे, आणि कुठे चुकलं ते बघायला पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.