एका गोळीची रायफल

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासाठी मी धानोऱ्याच्या ठाण्यात ताटकळत होतो, तेव्हा एक म्हातारा शेतकरी हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून आत आला. त्याच्या आज्याची होती म्हणे.

रिकामी आहे हे दाखवायला त्यानं घोड्याखालचा दांडा ओढला. पोलादी ठोकळा अलगद खाली सरकला आणि नळी मागून उघडली.

"पाहा भाऊ," तो मला म्हणाला.

मी डोळा लावला. आतला उजेड पीळ घेत पार टोकापर्यंत गेला होता. इतकं जुनं आणि इतकं लख्ख काही मी पाहिलं नव्हतं.

"एका वेळी एकच गोळी?" हवालदार म्हणाला. "बाबा, दोन नळीची घ्या ना. एक चुकली त दुसरी."

म्हाताऱ्यानं दांडा हळूच मिटला.

"धानात डुक्कर हलून राह्यलं म्हून नेम धरला होता मी. एकच गोळी, वाया नोको जावाले, म्हून थांबलो. त डुक्कर उभं झालं. माही बायको होती."

दाखला मागायला आलेला मी मान खाली घालून बसलो. मी बोलतानासुद्धा दोन्ही नळ्या झाडणारा माणूस.

रायफल जमा करून म्हातारा बाहेर पडला. पायरीवर एक म्हातारी बसली होती. त्यानं दिलेल्या लुगड्याची तिनं घडी केली, काखेत धरली आणि चालू लागली. तो तिच्या मागून निघाला, तिला क्षणभरही नजरेआड होऊ न देता.