टाऊनहॉलची फरशी

"ए बाई, बाहेर हो! फरशी घाण केली समदी."

टाऊनहॉलच्या दारात साखर कारखान्याचा एक माणूस माझ्या आईवर खेकसला. कडक इस्त्रीचा. पांढऱ्या टोपीचा. आईच्या अनवाणी पायांना खडीची धूळ होती. काळ्या गुळगुळीत फरशीवर तिची चार पावलं उमटली होती.

निजामाच्या काळातली ती इमारत. उंच कमानी, दगडी खांब, वर झुंबरं. तालुक्याला आलो की आम्ही ती रस्त्यावरूनच बघायचो. त्या दिवशी मात्र मला बोलावणं होतं. सातवीला मी तालुक्यात पहिली आलते. कारखान्याच्या चेअरमनच्या हातून सत्कार होता. माझ्या पायात शाळेतल्या बाईंच्या मुलीच्या चपला होत्या. आई दुष्काळी कामावरून, खडी फोडता फोडता उठून, माझ्यासोबत तीन कोस चालत आलती.

"माही लेक हाय. तिचाच सत्कार हाय," आई म्हणाली.

"मग लेकीला जाऊ दे. तू कावून?"

आईनं माझा हात सोडला. "जा तू. मी हितं खांबापाशी हाय."

त्या माणसानं बादली मागवली. भरलेली. आमच्या वस्तीवर टँकर चार दिवसांनी यायचा. आणि इथं आईच्या चार पावलांवर अख्खी बादली ओतली. आई त्या पाण्याकडं बघत राहिली. कोरडे ओठ तिनं जिभेनं ओले केले.

मी आत गेले. गळ्यात हार पडला. चेअरमननं माईकवरच विचारलं, "आईवडील आलेत का गं?"

बाप आधीच वारलता. खांबाआडून आईच्या लुगड्याचा ठिगळाचा पदर दिसत होता. ह्याच कारखान्याचा ऊस तिनं सहा हंगाम तोडलता. त्यातला एक मी पोटात असताना.

"न्हाई," मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या.

परतताना आई एवढंच बोलली, "बरं केलंस. लोकं हासली असती."

तिनं मला मारायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, चेअरमनसाहेब तुला कारखान्याच्या बोर्डिंगात जागा देतायत, आभाराचं पत्र लिही. मी लिहिलं. 'माझी आई आली होती. तुमच्या माणसानं तिला बाहेर काढलं. मी खोटं बोलले, त्याची मला लाज वाटते. तुम्हाला कशाची वाटते?'

"हे फाडून टाक, पोरी. जागा जाईल."

"जाऊ द्या."

जागा गेली. दोन वर्षं मी आईशेजारी बसून खडी फोडली. बोर्डिंग आपल्याच पायगुणानं गेलं, असं आई मरेपर्यंत म्हणायची. मी पत्राचं खरं सांगितलं, तर तिला वाटायचं, पोरगी समजूत घालतेय. पुढं पुन्हा शाळा धरली, अंबाजोगाईला नर्स झाले. ते बघायला ती न्हवती.

आता नर्स म्हणून मला पुन्हा सत्काराची बोलावणी येतात. मी पहिलं विचारते, उसाच्या फडातल्या बाया कुठं बसणार? उत्तर चाचरत आलं, की मी जात न्हाई. त्या 'न्हाई'ची भरपाई होत नसते, हे मला ठाऊक हाय. पण ज्या दारातून माझ्या आईसारखीला हाकलतात, त्या दारातून मी आत जाणार न्हाई. कुणीही हार घेऊन उभं राहू दे.