गोदामासमोरच्या आजी

गोदामासमोरच्या आजींमुळे मी हा हिवाळा काढला, हे आधी सांगतो. त्यांचं नाव विचारायचं धाडस कधी झालं नाही. शाळा आठवीत सुटलेली. काही चुकीचं बोललो तर काम जाईल, ही धास्ती कायम.

मॉन्ट्रियलच्या कालव्याकाठी पिठाच्या जुन्या गोदामाचे महागडे कॉन्डो, म्हणजे मालकीचे फ्लॅट, करतायत. तिथल्या विटा मी घासतो. आतली नवी वॉशरूम आम्हा कामगारांना बंद. मला थंडीत कुडकुडताना बघून आजींनी खिडकीतूनच हाक मारली. तेव्हापासून रोज दुपारी त्यांची वॉशरूम, गरम सूप आणि हीटरवर वाळलेले माझे हातमोजे.

तरुणपणी त्या ह्याच गोदामात पोती शिवायच्या. बोलताना बोटं अजून टाका घातल्यासारखी हलतात.

कॉन्डोंमुळे गल्लीतली भाडी चढली आणि घरमालकानं आजींनाच घर सोडायला सांगितलं. मला मान वर करवेना. आजी मूळच्या फ्रेंच बोलणाऱ्या, त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "नीट घास हं. माझं घर घालवून वर काम कच्चं नको."

इथे बहुतेक भाडेकरार जूनअखेर संपतात, म्हणून सगळे एक जुलैला घरं बदलतात. त्या दिवशी आजींचा फ्रीज बाहेरच्या गोल जिन्यावरून मीच उतरवणार. उपकारांची फेड म्हणून सध्या एवढंच हातात आहे. पण कधीतरी माझं स्वतःचं घर होईल आणि तिथून आजींना कुणी निघा म्हणणार नाही, हा माझा शब्द.