बोरसे मॅडमना न दिलेले पत्र

डॉ. इंदुमती बोरसे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते जळगावच्या आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर. एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन आठवडा झाला होता. प्राणिशास्त्राच्या मॅडम कुठे भेटतील असे विचारल्यावर शिपायाने नुसते वर बोट दाखवले. गच्चीवर पाण्याच्या टाकीआड, डोक्यावर पदर घेऊन मॅडम बसल्या होत्या आणि टाकीखालच्या कबुतराच्या घरट्याकडे पाहत वहीत काही टिपत होत्या. मी नमस्कार म्हणालो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले. दहा-एक मिनिटांनी नर आला, मादी उठून गेली, मॅडमनी वेळ लिहिली आणि मग माझ्याकडे वळल्या.

"गाव कुठलं?"

"पाचोऱ्याजवळचं, मॅडम."

"मग बाजरीवर येणारे पक्षी सांगा बरं."

मी तीन नावे सांगितली. त्यांतली दोन एकाच पक्ष्याची निघाली. त्या हसल्या नाहीत. "म्हणजे दोन तरी ओळखता," एवढेच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो, आणि महिन्याभरात 'तुम्ही'चा 'अरुण' झालो.

मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरवसमितीने मला त्यांच्या अंटार्क्टिका मोहिमेवर लिहायला सांगितले आहे. त्या मोहिमेच्या नोंदींवर मी काम केले, म्हणून ही निवड झाली असावी. मॅडमचे थोरपण सांगताना मला माझे खुजेपणही सांगावे लागणार आहे. समितीने आणि वाचकांनी ते चालवून घ्यावे.

ऐंशीच्या दशकात आपल्या देशाच्या मोहिमा दक्षिण ध्रुवाकडे जाऊ लागल्या. मोठ्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांबरोबर खानदेशातल्या एका महाविद्यालयाच्या अध्यापिकेची निवड होईल, असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते. मॅडमनी मात्र तिथल्या स्कुआ पक्ष्यांच्या अभ्यासाचा प्रस्ताव इतका नेमका लिहिला होता की तो मंजूर झाला. निघण्याआधी त्या धुळ्याला वडिलांचा निरोप घ्यायला गेल्या तेव्हा मी सोबत होतो. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी अहिराणीत विचारले, "तठे बठ्ठा बरफच शे ना? मंग तू मोजशी काय?"

"पाखरं, आबा."

"पाखरं आठे बी शेतस."

मॅडम म्हणाल्या, "आठेना पाखरं मी मोजी लिन्हात." इथली मोजून झाली, हे ऐकून आबा हसले आणि त्यांनी मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला.

स्कुआ हा करड्या-तपकिरी रंगाचा, घारीएवढा धीट पक्षी. मोहिमेच्या तळाजवळच्या उघड्या खडकांवर तो उन्हाळ्यात अंडी घालतो आणि घरट्याजवळ येणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतो. मॅडम डोक्यापेक्षा उंच काठी धरून चालत. पक्षी काठीच्या टोकावर झडप घाली. अशा अवस्थेत त्यांनी एकेक पक्षी पकडून दोन्ही पायांत रंगीत कडी घातली. डाव्या पायात लाल आणि उजव्यात पिवळे असेल तर तो एक पक्षी. डाव्यात पिवळे आणि उजव्यात लाल असेल तर तो दुसरा. कोणता पक्षी कोणत्या घरट्यावर, कोणासोबत, हे त्यांनी मराठीतच टिपून ठेवले. पुढच्या वर्षी हेच पक्षी त्याच जोडीदाराकडे आणि त्याच जागी परततात का, हा त्यांचा प्रश्न होता.

परत आल्यावर त्यांनी एरंडोल, दोंडाईचा अशा गावोगावच्या शाळांतून पारदर्शिका दाखवून व्याख्याने दिली. दोंडाईच्याला ऐन वेळी वीज गेली. मॅडमनी फळ्यावर खडूने स्कुआ काढला आणि त्याची झेप, ओरडणे, पिलाला भरवणे असे सगळे तासभर करून दाखवले. वीज आल्यावर मुख्याध्यापकांनी यंत्र सुरू करू का विचारले, तर मुलांनीच नको म्हटले.

पुढच्या वर्षी मॅडम जाऊ शकल्या नाहीत, पण त्या मोहिमेत श्री. नायर नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांचे काम फुगे सोडून वरच्या हवेतला ओझोन आणि तापमान मोजण्याचे. त्या कामातून सवड काढून त्यांनी मॅडमसाठी दुर्बिणीतून कड्यांचे रंग टिपले. त्यांची यादी मे महिन्यात टपालाने आली. आबांना अर्धांगाचा झटका आल्यामुळे मॅडम धुळ्यात होत्या. पाकीट मी फोडले. यादी फायलीत लावली. सोबतचे पत्र नंतर नीट वाचू म्हणून एका जाड पुस्तकात ठेवले आणि विसरलो.

दोन्ही वर्षांच्या नोंदी मीच जुळवल्या. निष्कर्ष विलक्षण निघाला: बहुतेक पक्ष्यांनी जोडीदार बदलले होते, जागाही बदलल्या होत्या. मॅडमना आश्चर्य वाटले. "परत पाहिलंस?" त्यांनी विचारले. मी परत पाहिले होते. जुळणी तीच येत होती. आबांची शुश्रूषा, एस.टी.ने दर शनिवारी धुळे, सोमवारी जळगाव, अशा धावपळीत त्यांनी लेख लिहिला. सहलेखक म्हणून माझे नाव घातले. लेख स्वीकारला गेला.

दिवाळीच्या सुट्टीत ते पुस्तक उघडले आणि पत्र सापडले. नायरांनी स्पष्ट लिहिले होते: पक्षी माझ्याकडे तोंड करून उभा असताना मला जी बाजू डावी दिसली तिला मी डावी म्हटले आहे, जुळवताना बाजू उलटून घ्याव्यात. मी दोन पानांवर बाजू उलटून पाहिल्या. प्रत्येक पक्षी आपल्या जुन्या जोडीदाराशेजारी येऊन बसला.

लेख अजून छापला गेला नव्हता. एका पत्राने तो थांबवता आला असता. पण तीन आठवड्यांनी धुळ्याच्या एका महाविद्यालयात माझी अधिव्याख्याता पदाची मुलाखत होती, आणि माझ्या अर्जात सांगण्यासारखे होते ते त्या लेखाइतकेच. मुलाखत होऊ दे, मग सांगू, असे मी ठरवले. मुलाखत झाली, निवड झाली. मग रुजू होऊ दे असे ठरवले. लेख छापून आला.

पुढच्या मोहिमेसाठी मॅडमचे नाव पुन्हा विचारात होते. त्याच सुमारास नायरांनी छापील लेख वाचून मॅडमना विचारले, माझी सूचना आपल्याला मिळाली नव्हती का? मॅडमनी मला जळगावला बोलावले.

"पत्र आलं होतं?"

"आलं होतं, मॅडम. माझ्याकडून पुस्तकात राहून गेलं."

हे खरे होते, पण अर्धे. ते मला केव्हा सापडले, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्यांनी माझ्यासमोर नियतकालिकाला पत्र लिहिले: जुळणीतली चूक सर्वस्वी माझी आहे, लेख मागे घेण्यात यावा. खाली एकच सही होती. मी पुढे झालो, तर म्हणाल्या, "तुझी नोकरी नवी आहे. तपासून पाहणं माझं काम होतं." मी मागे सरलो.

निवड समितीने त्यांचे नाव वगळले. त्या पुन्हा कधीही दक्षिणेकडे गेल्या नाहीत. दुरुस्त नोंदींवरचा लेख त्यांनी नंतर लिहिला, पण स्कुआ जोडीदाराकडे परततात हे तोवर इतरांनी दाखवले होते. आमच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी एकदा म्हणाले, "बोरसे मॅडमचे पक्षी वर्षाला घटस्फोट घेतात." सगळे हसले. मी चहाचा कप उचलला आणि काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या गप्प राहण्यांमध्ये तो कप मला सर्वांत जड वाटतो.

हा लेख लिहायला बसण्यापूर्वी, गेल्या महिन्यात, मी मॅडमच्या घरी गेलो आणि राहिलेले अर्धे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "दिवाळीत सांगितलं असतंस तर लेख थांबला असता. मी परत गेले असते, अरुण."

"हो, मॅडम."

"मला तिसऱ्या वर्षाच्या नोंदी हव्या होत्या. एवढंच हवं होतं."

लेखात हे लिहू का, असे मी विचारले. "लिही. नायरांनी बरोबर कळवलं होतं, हेही लिही. त्यांनाही लोकांनी बोल लावला." क्षमा केली, असे त्या म्हणाल्या नाहीत आणि मी मागितलीही नाही. निघताना मात्र त्यांनी विचारले, "रविवारी मोकळा आहेस का? हतनूरला बदकं उतरलीत. मोजणीला दुसरा माणूस लागतो."

मी गेलो. धरणाच्या काठावर उभ्या राहून मॅडम दुर्बिणीतून मोजत होत्या, मी लिहीत होतो. प्रत्येक पान भरले की त्या वही माझ्या हातातून घेत, एकेक ओळ बोट ठेवून वाचत, आणि मगच परत देत. पूर्वी त्यांनी असे कधी केले नव्हते. मला त्याचे वाईट वाटले नाही. ते तसेच असायला हवे.

मॅडमची नजर आजही तीक्ष्ण आहे, पाय अजून न थकता काठाकाठाने चालतात. ही नजर आणि हे पाय त्यांना पुढची कित्येक वर्षे असेच साथ देवोत, हीच प्रार्थना. माझी पाने तपासायला त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि मला त्यांच्या हाती वही देण्याची हिंमत.