मतदानाआधीचा आशीर्वाद

आमच्या सारिओझेन गावच्या प्रसूतिगृहात, धुलाईखान्यात, रिस्कुलनं एकतीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत तिनं कुणाला उलट उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही. तिला कुठंही बसवा, तिची अडचण होत नसे. ज्युरीच्या यादीत तिचं नाव निघालं तेव्हा शेजारीण म्हणाली, "तू तिथं अगदी शोभशील, बाई! गप्प बसायला तुला शिकवावं लागत नाही." रिस्कुल हसली. तिला ते कौतुकच वाटलं.

खटला मेइरमान नावाच्या चोवीस वर्षांच्या गुराख्यावर होता. त्याचा मालक तबेल्यात मरून पडलेला सापडला आणि मेइरमानच्या सदऱ्यावर मालकाचं रक्त होतं. पोलिसांपुढच्या कबुलीजबाबात लिहिलं होतं की मारल्याबरोबर आपण सदरा नदीच्या बर्फगार पाण्यात धुतला. न्यायालयात मात्र तो म्हणाला, "ते मी सांगितलं नाही, माझ्याकडून सही करून घेतली. मालक पडलेले दिसले म्हणून मी त्यांना उचललं. सदरा दुसऱ्या दिवशी घरमालकिणीनं उकळत्या पाण्यात टाकला."

सदरा ज्युरीसमोर फिरवला गेला. रिस्कुलकडे आला तेव्हा तिनं डाग नीट पाहिला. रक्त ताजं असताना गार पाण्यात घातलं तर निघून जातं. गरम पाण्यात घातलं की शिजतं, तपकिरी होऊन धाग्यात बसतं, मग काही केल्या हलत नाही. नव्या मुली पहिल्या आठवड्यात हमखास हीच चूक करत आणि रिस्कुल त्यांना रागवत असे. हा डाग शिजलेला होता. म्हणजे नदीची गोष्ट खोटी होती. कबुलीजबाब ज्यानं लिहिला त्यानं जन्मात कधी कपडे धुतले नसावेत.

साक्षीपुरावे संपले तेव्हा दहा ज्युरर आणि न्यायाधीशबाई विचारविनिमयाच्या खोलीत गेले. आमच्याकडे न्यायाधीशही तिथंच बसतात, मतही देतात. खिडक्या थंडी आत येऊ नये म्हणून कडेनं पट्ट्या चिकटवून बंद केलेल्या. आत ओल्या कोटांचा आणि क्लाराच्या अत्तराचा वास कोंडला होता. क्लाराचं केस कापायचं दुकान. तिचं लक्ष सारखं मोबाइल जमा करून ठेवलेल्या कपाटाकडे.

"मी तुमच्यावर माझं मत लादणार नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "फक्त एवढंच, की आरोपी काय, नंतर काहीही बोलतात." आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

त्या एका वाक्यानंतर खोली हळूहळू एका बाजूला कलली. रिस्कुलनं ते पाहिलं. आधी दोघं म्हणाले, "नक्की कुणी सांगावं?" मग तेच दोघं म्हणाले, "तसं पाहिलं तर त्यानंच केलं असणार." जनावरांचा कंपाउंडर सानझार तोंड उघडायचा, शेजारच्याकडे पाहायचा आणि मिटायचा. एक जण काडीनं दात कोरत होता आणि कोरलेलं पुन्हा पाहत होता.

चहा आला. सोबत बाउर्साक, शेळ्यामेंढ्यांच्या चरबीत तळलेले पिठाचे गोळे. चहा झाल्यावर तुरिस्बेक-अक्साकालनी दोन्ही तळहात उघडले. ते निवृत्त स्टेशनमास्तर, खोलीत सगळ्यात वडील, म्हणून अक्साकाल. जेवणानंतर वडीलधाऱ्यानं आशीर्वाद द्यावा ही रीतच. बाता म्हणतात त्याला.

"खाल्लेलं अंगी लागो," ते म्हणाले. "घराघरांत शांती नांदो. मारणाऱ्याला त्याचं फळ मिळो. आपण अकरा जण आहोत, आपलं एक मन असो. आमीन."

"आमीन!" सगळ्यांनी रीतीप्रमाणे तळव्यांनी चेहरे पुसले.

रिस्कुलनंही पुसला. हात आपोआप वर गेले होते. तळव्यांची चरबी गालांना लागली आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण कशाला आमीन म्हटलं.

"झालं तर मग!" क्लारा बाक सरकवत उठली. "बाता झाली, आता कागद वाटा."

"मला जरा..." रिस्कुल म्हणाली. "त्या सदऱ्याबद्दल."

"बातानंतर?" क्लारा हसली. "अपाय, एवढा वेळ काय जिभेला गाठ मारली होती?" वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे अपाय म्हणतात.

"धुलाईची शिकवणी घ्यायचीय त्यांना," दात कोरणारा म्हणाला. हशा पिकला.

तुरिस्बेक रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मायेनं पाहिलं. "बोल ना, पोरी. मात्र आत्ताच सगळ्यांनी एक मनानं आमीन म्हटलंय. तुझ्या लेकीला दिवस गेलेत ना? अशा वेळी दिलेला आशीर्वाद परत कशाला करायचा?"

न्यायाधीशबाईंनी टिपणावरून मान वर केली. त्यांनी हे थांबवायला हवं होतं. "बोलायचंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, पण कागदांची चळत तोवर त्यांच्या हातात आली होती.

"नाही," रिस्कुल म्हणाली. "काही नाही."

मत गुप्त होतं. पडद्याआड जायचं, कागदावर हो किंवा नाही लिहायचं, घडी घालून पेटीत टाकायचा. पडद्याआड कुणी नव्हतं. तरी तिला वाटलं, दहा 'हो' मध्ये एकच 'नाही' निघाला तर सगळे माझ्याकडेच बघतील. आणि माझ्या एकटीच्या 'नाही'नं त्याचं काय भलं होणार? दोषी ठरवायला सहा पुरतात. लेकीचं पोट डोळ्यांसमोर आलं. तिनं 'हो' लिहिलं, घडी घातली आणि कागद पेटीत टाकला.

न्यायाधीशबाईंनी पेटी उघडली. हो. हो. नाही.

खोलीत कुणीतरी खाकरलं. नाही. हो. नाही. क्लाराचे ओठ आवळले. शेवटचा कागद उघडून बाई क्षणभर थांबल्या.

"हो सहा. नाही पाच. दोषी."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पाच जणांच्या मनात तिच्यासारखीच शंका होती, आणि त्या पाचही जणांनी चरबीचे हात तोंडावरून फिरवले होते. रिस्कुलला खोलीची किळस आली, दात कोरणाऱ्याची आली, तुरिस्बेकच्या मायेची आली. पण सगळ्यात जास्त तिला स्वतःच्या बोटांची आली. पेन त्यांनीच धरलं होतं.

"पुन्हा घेता येईल का?" ती म्हणाली. आवाज मोठा निघाला. एकतीस वर्षांत एवढा निघाला नव्हता. "मला बोलायचंय. डाग शिजलेला आहे, तो नदीत धुतलेला नाही!"

"पेटी एकदाच उघडते, अपाय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "हे आधी बोलायचं होतं."

मेइरमानला सतरा वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकताना तो ज्युरीच्या बाकाकडे पाहत होता, एकेका चेहऱ्यावरून डोळे फिरवत. रिस्कुलवर येताच तिनं मान खाली घातली.

बसथांब्यावर सानझार तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "अपाय, तुम्ही सदऱ्याचं काढलंत म्हणून मला धीर आला. मी 'नाही' लिहिलं. आपण पाच तरी होतो." आणि त्यानं हातमोजा काढून हात पुढे केला.

बस वळणावर दिसत होती. गप्प राहिली असती तर तो हात तिला मिळाला असता, आणि तिच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं तरी वाटलं असतं.

"मी 'हो' लिहिलं, बाळा," रिस्कुल म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. हात हवेत थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यानं तो हातमोज्यात घातला, एकेक बोट नीट बसवत.

"तुम्हाला तर माहीत होतं," तो म्हणाला.

"माहीत होतं."

बस आली. तो पुढच्या दारानं चढला. ती चढली नाही. मेइरमानच्या वकिलाचं ऑफिस नगरपालिकेच्या मागं होतं, ते पाचला बंद व्हायचं. त्या खोलीत घडलेलं बाहेर सांगायची ज्युररला मनाई असते. ती बर्फातून त्या बाजूला चालू लागली.