रडवे मिस्त्री आणि दोन डिस्कची पेटी

सिंदेवाहीच्या बाजारात त्यांना सगळे रडवे मिस्त्री म्हणत, आणि त्यांच्याइतका हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हसले की पोट हलायचं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. नाव पडलं ते त्यांच्या एका सवालामुळं. गिऱ्हाईक काहीही घ्यायला येवो, मिस्त्री स्टूल पुढं सरकवून आधी विचारत, "भाऊ, घेता काय ते मंग पाहू. पयले सांगा, गेलं तं कायच्यासाठी रडसान?"

आमची ओळख रेडिओच्या काळातली. तेव्हाही सवाल हाच. एका बाईनं सांगितलं, सकाळची गाणी. तिच्या दुरुस्त रेडिओवर बाकी सगळी खरखर, पण ते एक स्टेशन घंटीसारखं वाजे. लोक हसले, तर मिस्त्री म्हणाले, "तिले बाकीचं पायजे कुठी होतं?" रेडिओ हातात देताना मात्र दम भरत, "उघडा ठेवू नोका. धूळ म्हणजे याची सवत." माझ्या बायकोनं ते ऐकून जुन्या वाकळीच्या कापडाचं जाड झाकण शिवलं, चारी बाजूंनी नाडी बांधायचं. रेडिओ भंगारात गेला, झाकण राहिलं.

पुढं रेडिओ संपले. मिस्त्रींनी पन्नाशी उलटल्यावर नागपूरला जाऊन कॉम्प्युटरचं काम शिकून घेतलं. फळीवर रेडिओच्या जागी कॉम्प्युटर आले, स्टूल तेच राहिलं, सवालही तोच. शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून नमाजाला जाताना शेजारच्या पानठेल्यावर सांगून जात, "कोणी रडत आला तं बसवून ठेव."

मी शिकलो चौथी. पण दंडारीत आमच्या पंचक्रोशीत माझ्यापुढं उभा राहील असा गाणारा नव्हता, हे माझ्या दुष्मनालाही विचारा. दिवाळीनंतर गावोगाव दंडार उभी राहायची, झाडीपट्टीतलं आमचं नाचगाण्याचं नाटक. त्यातली गाणी माझ्या बापाकडून माझ्याकडं आली. कागदावर एक ओळ नाही. ती सगळी मी ओसरीत बसून टेपवर भरली. चाळीस क्यासेटी झाल्या. नंतर त्या आतल्या आत चिकटायला लागल्या, तेव्हा पोरगा म्हणाला, "बाबा, मिस्त्रींकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ."

"कायच्यासाठी रडसान?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझी गाणी," मी म्हणालो. "दुसरं काय आहे माझ्याकडं?"

मिस्त्री रोज दोन-तीन क्यासेटी लावत, आणि मी स्टुलावर बसून राखण करी. सतरावी लागली. माझा आवाज वर चढलेला, अन् मधूनच माझी बायको ओरडली, "आवो, भात निवून राह्यला! गान्यानं पोट भरते का?" तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मिस्त्रींनी टेप थांबवला.

"भाऊ, हे कापू का? गाण्यात येते."

मी रस्त्याकडं पाहिलं. "राहू द्या. कापायला जासान अन् गाणं बिघडवसान."

मिस्त्री हसले नाहीत. ते हसले नाहीत असा तेवढाच एक प्रसंग मला आठवतो.

गाणी उतरली, पण ठेवायची कुठं? घरात दोन कॉम्प्युटर. पुढच्या खोलीत पोराचा, मागं सुनेचा, ती टायपिंगची कामं घेई. पोराच्या कॉम्प्युटरात एकदा व्हायरस शिरून सगळं साफ झालं होतं. म्हणून ठरलं की, घरात एकच साठवणीची पेटी घ्यायची, वायरीनं दोन्ही कॉम्प्युटरांना जोडायची, म्हणजे कोणालाही कुठूनही ऐकता येईल. पोरानं नागपूरहून तीन पेट्यांची माहितीपत्रकं आणली. एकीत एक डिस्क, दुसरीत दोन, तिसरीत चार. मी चारवाल्या पेटीवर बोट ठेवलं. तालुक्यात कोणाकडं नसेल, अशी.

"ते कारखान्याले लागते," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या चाळीस क्यासेटी तिच्या एका कोपऱ्यात झोपतीन. जागा किती ते इचारूच नोका. हे इचारा, लाईट दिवसातून सहा वेळा जाते, मंग आली का पेटी आपल्या मनानं उठते का? का कोणी बटन दाबाले पायजे?"

पोरानं पत्रकं उलटीपालटी केली. त्यात ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मिस्त्रींनी नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. दोनवाली आपोआप उठत होती.

"अन् दोन काऊन?" मी विचारलं.

"एकीत लिवलं का दुसरीत तेच आपोआप लिवल्या जाते. एक मेली तं दुसरी जिती. एक मेली का इथं लाल दिवा लागते. दिवा दिसला का मले सांगा, मी नवी टाकतो. पण भाऊ, दोन्ही शेवटी एकाच पेटीत. तुम्ही धानाचं बीज एकाच घरी ठेवता का?"

नाही ठेवत. आमच्याकडं अर्धं बीज घरच्या ढोलीत, बांबूच्या कणगीत, लिंपून ठेवतात आणि अर्धं माझ्या बहिणीच्या गावी. घराला आग लागली तरी पेरणी चुकत नाही.

"मंग गाण्याचं बीज माह्या दुकानात राहू द्या."

इथं मी अडलो. त्यांच्या दुकानात दहा माणसं येणार. शेजारच्या गावची दंडार माझी चाल उचलणार अन् पुढच्या दिवाळीत मलाच ऐकवणार! मी त्यांच्याकडून वचन घेतलं की, त्यांच्या कॉम्प्युटरातलं एकूण एक गाणं पुसायचं.

"पुसतो," मिस्त्री म्हणाले. "गाणं एक नाई ठेवत. पण तुम्ही हट्टी आहा, भाऊ."

पेटी आली, गाणी वाजली, गाव ऐकायला आलं. आता जुन्या क्यासेटींचं काय काम? त्या वर्षी धानावर पोपट फार उतरले होते. मी चाळीसच्या चाळीस क्यासेटी फोडल्या आणि सगळी फीत बांधाबांधानं खुंट्यांना ताणली. उन्हात चमके, वाऱ्यात घूं घूं वाजे. एक पाखरू टिकलं नाही. मिस्त्री शेतावर आले आणि कपाळाला हात लावून बसले. "पाखरांले गाणी आवडली नाई वाटते," म्हणाले.

मग मे महिना आला. वावटळीनं घरभर माती. मला मिस्त्रींचा जुना दम आठवला आणि ट्रंकेतून बायकोच्या हातचं ते झाकण काढलं. पेटीला अगदी मापाचं बसलं. नाड्या बांधल्या अन् निश्चिंत झालो. सून म्हणाली, "मामाजी, मिस्त्रींले इचारून घ्या ना." मी म्हणालो, "त्यांचीच शिकवण आहे हे. तू त्यांले आज पाहून राह्यली, मी तीस वर्षांपासून पाहतो."

पंधरा दिवसांनी गाणी बंद पडली. मिस्त्री आले. त्यांनी नाड्या सोडल्या आणि पेटीवरून हात झटकन मागं घेतला, इतकी ती तापली होती. आतले दोन्ही लाल दिवे लागलेले. पहिला कधी लागला कोणास ठाऊक, झाकणाखाली कोणाला दिसणार?

"भाऊ, मे महिन्यात याले स्वेटर घातलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं, उघडं ठेवू नोका."

"ते रेडिओले! याचा पंखा श्वास घेते ना." मग झाकण हातात फिरवत त्यांनी विचारलं, "कोणी शिवलं?"

मी सांगितलं. तेव्हा मात्र त्यांचं पोट हलायला लागलं. "भाबीनं शेवटी तुमचं गाणं बंद केलंच!"

मला हसू आलं नाही. मी खाटेवर बसलो. फीत बांधावर उन्हावाऱ्यात तुटली, पेटीतल्या डिस्का जळाल्या, अन् मिस्त्रींकडचं मी माझ्या हट्टानं पुसायला लावलं. गाणी मला पाठ होती, मरेपर्यंत विसरणार नव्हतो. तरी मी मिस्त्रींच्या हातातलं झाकण घेऊन त्याच्या नाड्या बांधत-सोडत राहिलो, आणि ते कशासाठी, हे मी पोरालाही सांगितलं नाही.

मिस्त्रींनी मला लुनावर मागं बसवून दुकानात नेलं. स्टूल पुढं केलं. "वचन दिलं होतं, तुमचं एक गाणं माह्याकडं नाई," म्हणाले, आणि बटण दाबलं.

"आवो, भात निवून राह्यला! गान्यानं पोट भरते का?"

"हे गाणं नोहे," मिस्त्री म्हणाले. "म्हणून हे अलग काढून ठेवलं, पुसलं नाई. गाणी तुमच्या गळ्यात आहेत, भाऊ, आणखी गासान. हे कुठून आणलं असतं?"

मी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. गर्मी फार होती.

त्या पावसाळ्यात मी चाळीस क्यासेटींची गाणी पुन्हा गायलो. मिस्त्री दुकानाचा दरवाजा लावत, पंखा बंद करत, आणि दोघं घामानं भिजत असू. सतराव्या क्यासेटीतलं ते गाणं आलं, तेव्हा त्या जागी मी सवयीनं थांबलो. मिस्त्रींनी गुपचूप बटण दाबलं आणि ती ओरडली. पहिल्या वेळी मी तिच्यावर डाफरून गाणं पुढं रेटलं होतं. या वेळी तोंडातून निघून गेलं, "आलो, आलो!" आणि मिस्त्री पोट धरून हसत सुटले. तेही भरलं गेलं.

नव्या दोन डिस्का आणून पेटी पुन्हा चालू केली, उघडी. एक प्रत बहिणीच्या घरी गेली, बीजाच्या शेजारी. एक मिस्त्रींच्या दुकानात राहिली. शेजारच्या गावानं चाल उचलली तर उचलू दे म्हटलं. उचललीही. बरी गातात, माझ्याएवढी नाही.

दोन वर्षांनी मिस्त्री गेले. दुखणं दोन दिवसांचं. मातीला अर्धा बाजार होता, आणि ज्यांना त्यांनी आयुष्यभर विचारलं, ते सगळे रडत होते.

परवा पोरगा ती गाणी साफसूफ करत बसला होता. म्हणाला, "बाबा, सतराव्यात आईचा आवाज ठीक आहे, पण मागून मिस्त्री किती हसून राह्यले! हे कापू का?"

"राहू दे," मी म्हणालो.