फळ्यावरचं नाव

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा संपली. परीक्षकांनी हात मिळवला, मार्गदर्शकांनी पेढा खाल्ला आणि मी सहा वर्षांत पहिल्यांदाच रिकामा झालो. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आता काय करायचं, हे घरी कोणाला विचारणार? मार्गदर्शकांना विचारलं. ते म्हणाले, "आता परदेशात जा." जणू कोपरखैरण्याहून तिकडे बस सुटत होती.

माझा प्रबंध खाडीच्या गाळातल्या धातूंवर होता. खाडीला त्याची गरज नव्हती आणि कॉलेजांनाही. वाशीच्या एका कॉलेजात म्हणाले, कायमची जागा नाही, हवं तर तासावर शिकवा. मी नम्रपणे विचार करतो म्हणालो आणि महाप्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा-मदतनीसाच्या जागेसाठी गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो असताना आतून साहेबांचा आवाज आला, "जास्त शिकलेले टिकत नाहीत हो." माझ्या आधीचा उमेदवार परत निघाला. मी अर्जातला पीएच.डी.चा कागद काढला, घडी करून खिशात घातला आणि एम.एस्सी. होऊन आत गेलो. मधली सहा वर्षं काय केलंत, या प्रश्नाला "घरच्या अडचणी" असं उत्तर दिलं. साहेबांना ते फार पटलं. "सोमवारपासून या," ते म्हणाले. "आपली बस सातला तुमच्या नाक्यावर थांबते."

वडील वाशीच्या बाजारात माथाडी. घरी मी नोकरी लागली एवढंच सांगितलं. एवढं शिकल्यामुळेच लागली, असं त्यांनी धरलं. असं धरणारा आमच्या ओळखीत तो एकच माणूस होता.

आमच्या वसाहतीच्या मंडळाचा एक फळा नाक्यावर होता. वर्गणी, मयत, पाण्याची वेळ, सगळं त्यावर. सोमवारी सकाळी पाहतो तर रंगीत खडूंची वेलबुट्टी, वर 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली 'डॉ.' लावून माझं आडनाव, बसमधूनही वाचता येईल एवढं. शेजारी वडील, बाजाराला निघालेल्या एका सोबत्याला ते दाखवत होते.

बस आली. साहेब पहिल्याच खिडकीत.

"अरे वा, डॉक्टर! आडनाव तुमचंच की हो. कोण हे?"

"चुलत भाऊ," मी म्हणालो.

माझ्या वडिलांना भाऊ नाही. ते हातभर अंतरावर उभे होते.

"आरं, ह्यो कंचा चुलत भाऊ?" सोबत्यानं विचारलं.

"हाय एक," वडील फळ्याकडे बघत म्हणाले. "लई शिकलाय."

मी बसमध्ये चढलो. दिवसभर बाटल्या धुतल्या. त्या कामात माझं शिक्षण कुठेही आड आलं नाही.

मंगळवारी फळ्यावर नाव नव्हतं. वेलबुट्टी आणि 'हार्दिक अभिनंदन' तसंच होतं, आणि खाली मंडळानं लिहिलं होतं, 'उद्या पाणी येणार नाही.' शेजारी उभ्या असलेल्या वडिलांच्या बाहीला गुलाबी खडू लागला होता.

"आबा, तुम्ही पुसलं?"

"तुज्या नोकरीला अडचन नगं. खडूच तर हुता."

तेवढ्यात बस आली. साहेबांनी मान बाहेर काढली. "काय हो, भावाला पुसलं वाटतं?" आतले हसले. मी पायरीवर एक पाय ठेवून उभा होतो.

"भाऊ नाही, सर. तो मीच."

"मग काल?"

"काल घाबरलो."

साहेब म्हणाले, "मग येऊ नका. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय." माझ्या भल्याची काळजी करणारी माणसं त्या वर्षी फार भेटली. मी पाय खाली घेतला आणि बस महाप्याकडे गेली. उद्योगक्षेत्रातली माझी कारकीर्द एका दिवसाची.

"काय झालं रं?"

"नोकरी गेली, आबा."

"आन् आता?"

"वाशीच्या कॉलेजात तासावर शिकवायला बोलावलं होतं. जातो आजच."

"कायम हाय?"

"तासापुरतं."

वडिलांनी थोडा विचार केला. मग फळ्याखाली पडलेला खडूचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला.

"मंग तूच लिव्ह. माजं अक्षार बरं न्हाय."

जागा पाण्याच्या सूचनेखालीच उरली होती. तिथे मी आधी 'डॉ.' लिहिलं, मग नाव.